आमच्या नावावर दिलेली साक्ष

२०२० च्या फेब्रुवारीत महिला सैन्याधिकाऱ्यांच्या स्थायी कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत सेवेत राहण्याच्या हक्काचा, खटला सर्वोच्च न्यायालयात निकालाला आला. महिलांना तुकडीचे प्रमुखपद देऊ नये यासाठी केंद्र सरकारने जे लेखी म्हणणे मांडले होते, त्यात शारीरिक क्षमता, बाळंतपण, घरची जबाबदारी हे ओळखीचे मुद्दे होतेच. शिवाय आणखी एक मुद्दा होता. जवान मुख्यतः ग्रामीण भागातून येतात, तिथल्या रूढींचा त्यांच्यावर पगडा असतो, आणि महिला अधिकाऱ्याला आपली प्रमुख म्हणून स्वीकारायला त्यांची मने अजून घडलेली नाहीत, असे सरकारने सांगितले. न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांनी १७ फेब्रुवारीच्या निकालात हे म्हणणे फेटाळले. बबिता पुनिया खटला म्हणून तो निकाल आता ओळखला जातो.

वर्तमानपत्रांनी तो महिला अधिकाऱ्यांचा विजय म्हणून छापला आणि तो विजय होताच. माझे मन मात्र त्या ग्रामीण जवानापाशी अडून राहिले. तो जवान म्हणजे आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातला पोरगा आहे. शिरपूर, मेडशी, किन्हीराजा, जऊळका इथून पहाटे उठून डांबरी रस्त्यावर पळणारा, सोयाबीनच्या दोन-चार एकरांवर घर चालणार नाही हे उमगलेला, भरतीच्या तारखेवर डोळे लावून बसलेला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात त्याच्या नावावर साक्ष दिली गेली की, बाईचा हुकूम तो मानणार नाही. त्याला कोणी विचारले नव्हते, आणि आम्हालाही. त्या साक्षीला उत्तर देणे हे दिल्लीच्या वकिलांचे काम संपल्यावर आमच्यासारख्या तालुक्यांचे काम उरते, असे मला वाटते.

आधी आमच्याकडचा पुरावा पाहू. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. सरपंच बाई, सभापती बाई, जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष बाई हे इथे कुणाला नवल राहिलेले नाही. रिसोडच्या भावना गवळी १९९९ मध्ये वाशिममधून लोकसभेवर निवडून गेल्या आणि २०२४ पर्यंत सलग पाच वेळा खासदार राहिल्या. जिल्ह्याने महिला जिल्हाधिकारी पाहिल्या. त्यांच्या दालनाबाहेर तासन्‌तास अर्ज घेऊन उभे राहणारे शेतकरी ग्रामीणच होते, आणि बाईंची सही चालणार नाही असे त्यांच्यापैकी कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर पुरावा एकतर्फी होईल. पुष्कळ गावांत सरपंच बाई असतात आणि कारभार त्यांचा नवरा पाहतो. ग्रामसभेत खुर्ची तिची, बोलणे त्याचे. म्हणजे सरकारचे म्हणणे अगदी हवेतले होते असे मी म्हणणार नाही. गावाला बाईचे पद मान्य झाले आहे, बाईचा अधिकार मान्य व्हायला वेळ लागतो आहे. पण इथेच सैन्याचा फरक दिसतो. सरपंचपतीला ग्रामपंचायतीत घुसता येते, युनिटच्या कार्यालयात कमांडिंग ऑफिसरच्या नवऱ्याला खुर्ची नसते. रजेचा अर्ज तिच्याच टेबलावर येतो, शिक्षा तीच ठोठावते, दरबारात जवानाचे गाऱ्हाणे तीच ऐकते. पद आणि अधिकार वेगळे करता येतील अशी फट सैन्याच्या रचनेत ठेवलेलीच नाही. बाईच्या नेतृत्वासाठी ग्रामपंचायतीपेक्षा सैन्य अधिक सोयीचे ठिकाण ठरावे, ते यामुळे.

आणि ग्रामीण मनाची जी भीती सरकारला वाटली, त्या मनाच्या कितीतरी घट्ट गाठी सैन्याने आजवर सोडवल्या आहेत. गावात पंगत कुणाची कुणाशी बसते याचे हिशेब अजून मिटलेले नाहीत. सैन्याच्या लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या जेवणघरात, मात्र सगळे एकाच रांगेत ताट धरतात. गावात वयाचा मान सर्वांत मोठा, वडीलधाऱ्यापुढे तरण्या पोराने तोंड उघडायचे नाही. सैन्यात पंचवीस वर्षे नोकरी झालेला सुभेदार बावीस वर्षांच्या लेफ्टनंटला सॅल्यूट करतो, त्याचा हुकूम घेतो, वर त्याला कामही शिकवतो. हे सारे प्रशिक्षण केंद्रातल्या काही महिन्यांत आणि नंतरच्या युनिटच्या शिस्तीत अंगवळणी पडते. जातीची आणि वयाची उतरंड ज्या संस्थेने आमच्या पोरांकडून बाजूला ठेवून घेतली, तिने स्त्री-पुरुष उतरंडीपाशी येऊन ही पोरे शिकणार नाहीत म्हणावे, हे त्या संस्थेच्याच कर्तबगारीला शोभणारे नाही. जवान शिकतो. शिकवायचे ठरले पाहिजे.

महिला अधिकारी वरच्या पदांवर का दिसत नव्हत्या, याचे उत्तर जवानाच्या मनात शोधण्यापेक्षा सेवेच्या नियमांत शोधलेले बरे. १९९२ मध्ये लष्कराने वैद्यकीय सेवेबाहेरच्या काही शाखांत महिलांना घ्यायला सुरुवात केली. चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीतून २५ जणींची पहिली तुकडी मार्च १९९३ मध्ये बाहेर पडली. मुदत होती पाच वर्षांची. ती वाढत वाढत चौदा वर्षांपर्यंत आली. आता अधिकाऱ्याच्या बढतीचे गणित पाहा. दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. त्यापुढचे कर्नलपद निवड मंडळातून मिळते, आणि युनिटचे खरे नेतृत्व तिथून सुरू होते. म्हणजे तेराव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल झालेली बाई चौदाव्या वर्षी घरी. निवृत्तिवेतनाला वीस वर्षे लागतात, तेही नाही. शिडी मधूनच कापायची आणि वर कोणी का चढत नाही असे विचारायचे, असा हा प्रकार जवळजवळ तीन दशके चालला. २००८ मध्ये स्थायी कमिशन मिळाले ते विधी आणि शिक्षण या दोनच शाखांत, जिथे तुकडीच्या नेतृत्वाचा प्रश्न फारसा येत नाही.

ही माझी कल्पना नाही, याला सैन्यातच ताळा सापडतो. वैद्यकीय सेवेत महिलांना स्थायी कमिशन फार आधीपासून होते. तिथे काय घडले? २००४ मध्ये पुनिता अरोरा लेफ्टनंट जनरल झाल्या आणि पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख झाल्या. त्याच वर्षी पद्मा बंदोपाध्याय हवाई दलात एअर मार्शल झाल्या. आणि बबिता पुनिया निकालानंतर बाराच दिवसांनी, २९ फेब्रुवारी २०२० रोजी, डॉ. माधुरी कानिटकर यांनी लेफ्टनंट जनरलचे पद धारण केले. कानिटकर पुण्याच्या त्याच वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, १९८२ मध्ये सेवेत आल्या, मुलांच्या मूत्रपिंडविकारांच्या तज्ज्ञ म्हणून नाव कमावले, पुढे त्याच महाविद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या. त्यांचे पती राजीव कानिटकर हेही लेफ्टनंट जनरल. निवृत्तीनंतर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे कुलगुरूपद माधुरी कानिटकर यांनी सांभाळले. एकच सैन्य, तेच ग्रामीण जवान, त्याच रूढी. जिथे वाट शेवटपर्यंत मोकळी होती तिथे बाई लेफ्टनंट जनरलच्या तिसऱ्या ताऱ्यापर्यंत पोहोचली. जिथे ती चौदाव्या वर्षी बंद होत होती तिथे कर्नलपदही लांब राहिले. मन बदलायची वाट पाहत बसलेल्यांनी या दोन रांगा शेजारी ठेवून पाहाव्यात.

निकालानंतरही वाट सरळ नव्हती. स्थायी कमिशन देताना वैद्यकीय कसोटी अशी लावली गेली की, पुरुष अधिकाऱ्यांना नोकरीच्या पाचव्या-दहाव्या वर्षी जी पार करावी लागली ती या महिलांनी चाळिशी-पंचेचाळिशीत पार करावी. त्यांचे गोपनीय अहवालही, यांना पुढे जायचेच नाही हे धरून, वर्षानुवर्षे हातासरशी लिहिले गेले होते, आणि आता त्याच अहवालांवर त्यांची निवड व्हायची होती. २५ मार्च २०२१ च्या नितिशा खटल्यात न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले. मला हा निकाल पहिल्याहून मोलाचा वाटतो. दार बंद ठेवणे सगळ्यांना दिसते. दार उघडून उंबरठा उंच करून ठेवणे दिसायला बारीक नजर लागते. २०२३ च्या जानेवारीत विशेष मंडळाने १०८ महिलांची कर्नलपदासाठी निवड केली. त्याच वर्षी तोफखान्यात पहिल्या पाच महिला अधिकारी दाखल झाल्या. आणि ११ ऑगस्ट २०२५ ला न्यायालयाने सैन्याच्या विधी शाखेतली पुरुषांसाठी जास्त जागा राखण्याची पद्धतही रद्द केली.

आता विरोधी बाजूचा सर्वांत ताजा आणि सर्वांत गंभीर मुद्दा. २०२४ च्या अखेरीस एका कोअरच्या प्रमुखांचे वरिष्ठांना लिहिलेले पत्र बाहेर आले. आपल्या हाताखालच्या आठ महिला कमांडिंग ऑफिसरांच्या कारभारावर त्यांनी कडक टीका केली होती: सहकाऱ्यांशी जमवून न घेणे, अहंकार, हाताखालच्यांबद्दल आस्था कमी. हे पत्र सहज झटकून टाकता येणार नाही. युनिट चालवण्याचा अनुभव असलेल्या माणसाचे ते निरीक्षण आहे. पण त्याच पत्रात त्यांनी हेही नोंदवले की या अधिकाऱ्यांना नेतृत्वाच्या जागांसाठी आधी घडवलेच गेले नव्हते. पुरुष अधिकारी कर्नल होईपर्यंत कंपनी चालवतो, महूचा नेतृत्वाचा अभ्यासक्रम करतो, वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजची परीक्षा देतो, आणि पुढे मला युनिट सांभाळायचे आहे हे डोक्यात ठेवून पंधरा वर्षे साहेबांना पाहत शिकतो. लष्करातल्या महिला अधिकारी ही परीक्षा प्रथम २०२२ मध्ये उत्तीर्ण झाल्या. ज्यांना पंधरा वर्षे सांगितले की तुम्ही जाणार आहात, त्यांच्या हाती एकदम युनिट दिले. त्यातल्या काहींनी कडक आवाजात आधार शोधला असेल, तर मला ते दोषापेक्षा अपुऱ्या घडणीचे लक्षण वाटते. आणि आठ जणींवरून साऱ्या स्त्रियांबद्दल निष्कर्ष काढायचा, तर युनिट बिघडवून ठेवणाऱ्या पुरुष कर्नलांवरून आजवर पुरुषांबद्दल तसा निष्कर्ष कुणी काढला नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. प्रत्येकीचा अहवाल तिचा तिच्या नावावर लिहा. वाईट असेल तर वाईट लिहा.

शरीराच्या ताकदीचा प्रश्न मी टाळत नाही. पायदळ, रणगाडा दल आणि यांत्रिक पायदळ महिला अधिकाऱ्यांना अजून बंद आहे; बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीत किंवा आमच्या विदर्भातल्या घराघरांत माहीत असलेल्या महार रेजिमेंटमध्ये मालेगावची मुलगी आज अधिकारी होऊ शकत नाही. पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढायचा असेल तर चढता आलाच पाहिजे, त्यात बाईला सूट नको आणि पुरुषालाही नको. प्रत्येक कामाला एक कसोटी ठरवावी, ती जाहीर करावी आणि जो किंवा जी ती पार करेल त्याला किंवा तिला घ्यावे. कॅनडाने १९८९ मध्ये लढाऊ शाखा महिलांना खुल्या केल्या. त्यानंतरच्या वर्षी लढाऊ अभियंता शाखेत अधिकारी झालेल्या जेनी कारिन्यां जुलै २०२४ मध्ये त्या देशाच्या संरक्षण दलांच्या प्रमुख झाल्या. चौतीस वर्षे लागली. आज दार उघडले तरी सर्वोच्च पदावरची बाई दिसायला एक पिढी जाते, तेव्हा उशीर करण्यात कसले शहाणपण आहे?

आपल्या मराठी मनाचीही एक गोष्ट इथे बोलली पाहिजे. स्त्रीच्या शौर्याचे कौतुक आपल्याला जड जात नाही. वीरमाता, वीरपत्नी, रणरागिणी हे शब्द आपण सभांत सहज वापरतो. कठीण जाते ते तिचे नेतृत्व. ताराराणींचेच पाहा. त्यांच्या नावाने निघणाऱ्या मिरवणुकीत घोड्यावर तलवार घेतलेली मुलगी बसवली जाते. पण राजाराम महाराजांच्या निधनानंतर, १७०० पासून औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंतच्या सात वर्षांत ताराराणींनी जे केले ते तलवारीपेक्षा मोठे होते. किल्ले कुठवर लढवायचे आणि कधी सोडायचे, सरदारांना कसे बांधून ठेवायचे, मोगल फौज दक्षिणेत गुंतलेली असताना माळवा-गुजरातेत मुसंडी कशी मारायची, याचे निर्णय त्यांच्याकडून होत होते. ते सेनापतीचे नव्हे, सेनापतींना चालवणाऱ्याचे काम होते. हंबीरराव मोहित्यांच्या या मुलीकडून आपण तलवार घेतली आणि तिचे डोके मागे ठेवले.

स्वाती महाडिक यांच्याकडेही आपण असेच पाहिले. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नीने वयाची सवलत घेऊन सैन्य निवड मंडळाची मुलाखत पार केली, चेन्नईला आपल्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान मुलींबरोबर प्रशिक्षण घेतले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले, आणि घ्यायलाच हवे होते. पण त्या कौतुकात सारा भर पतीच्या स्वप्नावर राहिला. निवड मंडळ कुणाच्या दुःखाला गुण देत नाही, त्यांची पात्रता त्यांची होती. मला खुपते ते हे की, बाईच्या अंगावरची वर्दी आपल्याला लगेच पटते ती तिच्यामागे एखादे दुःख उभे असले की. कुणाचेही स्वप्न पुरे करायचे नाही, मला अधिकारी व्हायचे आहे, असे धडधाकट घरातली अठरा वर्षांची मुलगी म्हणाली, तर आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, "पोरीले एवढ्या लांब कायले पाठवता?"

तो प्रश्न दुष्टपणाने विचारलेला नसतो. त्यामागे काळजी असते आणि माहिती नसते. आमच्या तालुक्यात वर्दीचा रस्ता म्हणजे भरती. मुलींसाठी पोलीस भरती, अलीकडे अग्निवीरही. पहाटे पळणाऱ्या मुली आता मालेगावातही दिसतात, आणि त्या मुलींबद्दल मला फार आदर आहे. दहा वर्षांपूर्वी घराबाहेर ट्रॅक पँट घालून पळणे हाच मुळात एक लढा होता. पण त्यांच्यातल्या जवळजवळ सगळ्या शिपाई व्हायला पळतात. अधिकारी होण्याचा रस्ता वेगळा असतो, त्याची परीक्षा वेगळी, वय वेगळे, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. मुलांचेही तेच आहे. पिढ्यान्‌पिढ्या आमचा भाग सैन्याला जवान देत आला. साहेब पुण्या-मुंबईचा असतो, ही समजूत आमच्यात इतकी मुरली आहे की तिच्याबद्दल वाईटही वाटत नाही.

पुढे गेलेल्या मराठी मुलींकडे पाहिले तर माहितीचे मोल कळते. मुंबईच्या प्रेरणा देवस्थळी २००९ मध्ये नौदलात आल्या आणि २०२३ च्या डिसेंबरात युद्धनौकेचे नेतृत्व मिळालेल्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. नौकेचे नाव आयएनएस त्रिंकट. त्यांचा भाऊही नौदलात अधिकारी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातली सई जाधव डिसेंबर २०२५ मध्ये डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीतून प्रशिक्षण पूर्ण करून प्रादेशिक सेनेत लेफ्टनंट झाली. १९३२ पासूनच्या त्या अकादमीतून बाहेर पडलेली ती पहिली महिला अधिकारी. तिच्याही घरात सैन्यसेवेची परंपरा आहे. त्यांची गुणवत्ता यामुळे तसूभर कमी होत नाही. पण अर्ज कधी निघतो, मुलाखतीत काय पाहतात, हे जेवताना बोलले जाणारे घर आणि ते कधीच न ऐकलेले घर यांत मोठे अंतर असते. मालेगावातल्या शाळांनी आणि महाविद्यालयांनी ते घर व्हायला हवे.

अडचण कुठे आहे ते नेमके पाहू. राष्ट्रीय संरक्षण अकादमीचे दार न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने मुलींना उघडले. पहिल्या १९ मुली २०२२ च्या ऑगस्टमध्ये खडकवासल्याला दाखल झाल्या आणि त्यांतल्या १७ जणी ३० मे २०२५ ला दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या. तिथे प्रवेशाचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस. म्हणजे तयारी दहावीतच सुरू व्हायला हवी. लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण गणिताला. आमच्याकडे दहावीनंतर मुलींचा ओढा कला शाखेकडे, आणि विज्ञान घेतले तर नर्सिंग किंवा नीटच्या आशेने जीवशास्त्राकडे. गणित सुटले की हा रस्ता तिथेच संपतो, आणि आपण काही सोडून दिले हे त्या मुलीला कळतही नाही. पदवीनंतरचा रस्ता चेन्नईचा, वय १९ ते २५, आणि अट अविवाहित असण्याची. नेमकी याच वर्षांत आमच्याकडे स्थळे यायला लागतात. सोयाबीनचे पैसे हाती आले की लग्न उरकायचे, हा घराचा हिशेब आणि सैन्याची वयाची अट एकमेकांना छेद देतात. चांगले स्थळ पुन्हा येते. पंचविशी पुन्हा येत नाही.

लेखी परीक्षेनंतर निवड मंडळाचे पाच दिवस. तिथे गटासमोर बोलायचे असते, नकाशावर योजना आखायची असते, आणि एका कामात उमेदवारालाच प्रमुख करून हाताखाली दोघे दिले जातात. ते सारे बहुतांशी इंग्रजीत. आमच्या मुली हुशार असतात, कष्टाळू तर असतातच. पण घरात आणि वर्गात त्यांना सांगितलेले ऐकायची सवय लावलेली असते, सांगायची नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे नियोजन मुलीकडे द्या, मैदानावर संघाची कर्णधार म्हणून तिला निर्णय घेऊ द्या, चुकली तरी तो निर्णय तिचाच राहू द्या. नेतृत्वाची पहिली शिकवण खडकवासल्याच्या कितीतरी आधी मालेगावच्या मैदानावर मिळते किंवा मिळत नाही.

सरकारकडेही काही मागणे आहे. राष्ट्रीय संरक्षण अकादमीच्या लष्कराच्या २०८ जागांत मुलींसाठी जेमतेम १० आहेत. पुरेशा मुली नाहीत म्हणून जागा कमी आणि जागा कमी म्हणून मुली येत नाहीत, हे चक्र सरकारनेच तोडायचे आहे. राज्याने मुलांसाठी १९७७ मध्ये औरंगाबादला सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला निघायला २०२३ साल उजाडले. उशिरा का होईना, ती आहे, चांगले काम करते आहे. पण वाशिम हा २०१८ मध्ये देशाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आलेला जिल्हा. अशा जिल्ह्यातली मुलगी नाशिकपर्यंत पोहोचायची तर विदर्भातही मुलींसाठी अशी एक संस्था हवी, आणि प्रत्येक तालुक्याच्या महाविद्यालयात मुलींची एनसीसी हवी. एनसीसीचे 'सी' प्रमाणपत्र असले की लेखी परीक्षेशिवाय थेट निवड मंडळापुढे जाण्याची वेगळी वाट आहे, हे आमच्याकडच्या किती प्राध्यापकांना माहीत आहे?

म्हणून या तालुक्यातल्या माजी सैनिकांना माझी हात जोडून विनंती आहे. तुम्ही वीस-वीस वर्षे साहेबांचे हुकूम घेतलेत. चांगला साहेब कसा असतो हे तुमच्याइतके इथे कुणालाच ठाऊक नाही. एखाद्या शनिवारी गावातल्या शाळेत जा आणि नववी-दहावीच्या मुलींना ते सांगा. पालकांनो, दहावीचा निकाल लागला की मुलीचे गणित सुटू देऊ नका, आणि पदवीनंतर तिला दोन-तीन वर्षे द्या, त्यांत स्थळ पाहू नका. राष्ट्रीय संरक्षण अकादमीची परीक्षा वर्षातून दोनदा होते, केंद्र नागपूरलाही असते आणि मुलींना तिचे शुल्क नाही.